अण्णांचं खळं

मला सांगा, पातळ ढग आले की चंद्राभोवती जे कडं पडतं, त्याला तुम्ही काय म्हणता? आम्ही खळं म्हणतो. बेळगावकडच्या आमच्या गावात अण्णांनीच ते मला दाखवलं होतं. मळणीच्या खळ्यात मधे तिवडा, म्हणजे खांब रोवतात आणि बैल त्याच्याभोवती फिरतात. वर चंद्र म्हणजे तिवडा, भोवतीचं ते खळं, असं ते सांगायचे.

एकसष्ट साली बेंगलोरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत बोलायचं ठरलं, तेव्हा मी हेच लिहून काढलं. अण्णा गावाहून मुद्दाम यशवंतपूरला आमच्याकडे आले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण लेक सभेत बोलणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

आणि आमचे सेक्रेटरी पद्माकरराव! पुण्याचे, कारखान्यात इंजिनिअर. ऐन वेळी माझा कागद मागून घेतला आणि खळं दिसेल तिथे तांबड्या शाईने ‘प्रभामंडल’ केलं. वर मलाच समजावतात, चंपाबाई, तुमच्या बोलण्यात कानडी फार येतं, इथे शुद्ध मराठी हवं. आता मी ‘बरं’ला ‘सरी’ म्हणते, ‘थोडं’ला ‘स्वल्प’ म्हणते, नाही कशाला म्हणू? पण म्हणून माझ्या तोंडून निघेल ते सगळं कानडीच? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कानडीत खळ्याला कण म्हणतात, एवढं तरी शेजारीपाजारी विचारायचं होतं. पण नाही. लिहिलंय तसं वाचा, नाहीतर पुढचं नाव पुकारतो, म्हणाले.

उभी राहिले, तर समोर अण्णा कान देऊन बसलेले. प्रभामंडल म्हटलं असतं, तर हे आपलंच सांगणं आहे हे त्यांना कळलंही नसतं. मी कागद पालथा ठेवला आणि तोंडपाठ बोलायला लागले. पहिल्यांदा खळं म्हटलं तोच पद्माकररावांनी जागेवरूनच मला अडवलं आणि शब्द सुधारून सांगितला.

“खळंच म्हणणार,” मी म्हणाले. “शब्द मराठीच आहे. आणि कानडी असता, तरी माझ्या अण्णांचाच असता.”

त्यांनी घंटा वाजवली. वेळ संपली म्हणे! कसली वेळ संपली, आत्ता तर सुरुवात केली होती. पुढच्या रांगेतल्या बायका पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या. त्यांच्या मागच्या रांगेतून अण्णा उठून उभे राहिले.

“तिवड्याचं राहिलं की गं, चंपा,” ते म्हणाले. “ते सांग.”

पद्माकरराव घंटा बडवत राहिले, आणि मी तिवड्याचं सांगितलं.