पार्बताबाईची चाचणी
गजालाला तक्ते करायची भारी हौस. अकोल्यातल्या ओमप्रकाश सरांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तिला पहिलं मोठं काम मिळालं तेही तक्त्याचंच. त्या वर्षी तूर उदंड पिकली, भाव पडले, आणि सरकारी खरेदीची नोंदणी करणारा प्रोग्राम कंपनीनं बनवला. सर्व्हर जावा या संगणकी भाषेत, नावं जुळवायचा भाग पायथनमध्ये, भरायचा फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये. तिघांच्या चाचणीला तीन साधनं: जेयुनिट, पायटेस्ट आणि जेस्ट. यातलं कोणतं कसं, ते तक्त्यात मांडून शुक्रवारी सांगायचं. चूक नसली की साधन हिरवं दिसतं; तिन्ही हिरवी झाली की सोमवारी प्रोग्राम जिल्हाभर सुरू.

गजालानं तिघांना मनापासून पारखलं. जेयुनिटचा थाट लग्नातल्या व्याह्यासारखा, मानपान झाल्याशिवाय पानावर बसायचा नाही, पण शिस्तीचा. जेस्ट फाइल सेव्ह केली रे केली की आपणहून पुन्हा तपासायला लागायचं. पायटेस्ट तिचं लाडकं. काय हवं होतं आणि काय मिळालं, ते तोंडावर सांगायचं, अगदी वऱ्हाडी माणसासारखं. गुरुवारी संध्याकाळी तिन्ही हिरवी होती. गजाला खुशीत एसटीनं बाळापूरला घरी गेली.

शुक्रवारी सकाळी तिचे अब्बा अब्दुल रहीम यांच्या पोत्यांच्या दुकानात पार्बताबाई बसलेली. शेजारच्या गावची, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिचं गाव चाचणी म्हणून आधीच नोंदवलेल्या पाच गावांतलं.

"रहीमभाई, बारा पोते भरून ठेवले, अन् मले अजून मेसेजच नाई आला," ती म्हणत होती. "मेसेज असल्याबिगर केंद्रावर मोजत नाईत. उद्या आमच्या गावाचा शेवटचा दिवस. मंग व्यापारी म्हनीन त्या भावानं द्या लागते."

गजालानं तिची कागदं मागितली. आधारवर पार्वताबाई, सातबाऱ्यावर पार्बताबाई.

"मावशी, खरं नाव कोनतं?"

"दोनी माहेच. तलाठ्यानं आयकलं तसं लिवलं, आधारवाल्यानं त्याले वाटलं तसं. नावं दोन असतीन वं, बाई एकच हाये."

गजालानं अकोल्याची एसटी पकडली. वाटेत तिला आठवलं. चाचणीसाठी कंपनीतल्या धर्मपालनं त्याच पाच गावांत फिरून चाळीस शेतकऱ्यांची नावं वहीत उतरवून आणली होती, दोन्ही कागदांवर होती तशी. ती टाइप करताना गजालानं सगळी सुधारली होती. पुण्याला कॉलेजात 'मले-तुले'वरून पोरींनी तिची चार वर्षं टर उडवली. तेव्हापासून अशुद्ध दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. दोन्ही रकान्यांत तिनं शुद्ध पार्वताबाई घातली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन साधनं काय, तीनशे आणली असती तरी हिरवीच दिसली असती.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं धर्मपालची वही मागून घेतली आणि नावं होती तशी भरली. पायटेस्टनं नऊ ओळी लाल केल्या. हवी होती पार्बताबाई, मिळाली पार्वताबाई. नाव जुळलं नाही की प्रोग्राम त्या माणसाला मुकाट्यानं गाळत होता.

"काल तर सारं हिरवं होतं ना?" ओमप्रकाश सर चष्म्यावरून पाहत म्हणाले. "आता खरेदीवाल्याइले काय सांगू मी?"

"सर, हिरवं मीच केलं होतं. नावं दुरुस्त करून भरली होती." ती म्हणाली. "चूक माझी आहे. आज संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग धर्मपालला म्हणाले, "जा, तिच्याजोळ बस."

दोघांनी मिळून नियम बदलला. फॉर्मात आणि सातबाऱ्यावर जमिनीचा गट नंबर एकच असेल तर ब आणि व यांचं भांडण लावायचं नाही. तरीही शंका आली तर नाव न गाळता माणसाला फोन करून विचारायचं. चारच्या सुमाराला नऊ ओळी हिरव्या झाल्या आणि नऊ मेसेज गेले. तक्ता तिनं पुरा केला, पण खाली एक ओळ वाढवली: साधन कोणतंही घ्या, नावं सुधारून भरू नका.

संध्याकाळी दुकानात पार्बताबाई मोबाइल पुढे करून उभीच होती. "वाच बरं, माहाच हाये ना?"

"पार्बताबाई, उद्या सकाळी दहा वाजता," गजालानं वाचलं.

"बराबर लिवलं त्यानं."

"मीच लिवलं, मावशी. आंधी बिघडवलंबी मीच होतं." गजालाचे डोळे भरून आले.

पार्बताबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीतून दाभण आणि सुतळी काढून तिच्या हातात दिली.

"मंग आता रडून काऊन राहिली? चाल घरी माह्यासंग. बारा पोत्याइचे तोंडं शिवाचे हायेत."