तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

१९९७ साल. अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी भागातल्या आमच्या गल्लीत तेव्हा बायका सज्ज्यातून दोरीला टोपली बांधून खाली सोडत. पावापासून औषधापर्यंत सगळं टोपलीतून वर येई. पाचव्या मजल्यावरच्या इन्साफला तर सगळे मायेने म्हणत, "तू कशाला उतरतेस, शरीफच्या आई? आम्ही आहोत ना!" त्या मायेपायी ती चार वर्षं खाली उतरलीच नव्हती.

बाळंतपणागणिक तिचं अंग वाढत गेलं, मग गुडघे गेले. नवरा बयूमीही तिच्याच तोलाचा. पण मासळीच्या लिलावात त्याचं पोट पुढे आलं की माणसं अदबीने बाजूला सरत. त्याला दम लागतो म्हणून घरमालकाने जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली होती. तिथे तो बसे, सिगारेट ओढे, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. बाईमाणसाने परपुरुषांच्या वाटेत असं बसायचं, हे कुणाच्या मनातही येत नसे.

त्या थंडीत इन्साफची धाकटी बहीण कौसर हृदयाच्या ऑपरेशनसाठी कैरोला निघाली. स्टेशनवर जाताना ताईला भेटायचं म्हणून टॅक्सी गल्लीत थांबवली. पण तिला डॉक्टरांनी पायऱ्या चढायची बंदी केली होती. वरून इन्साफला दिसला तो फक्त तिच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल.

"मावशी, आई म्हणते तोंड तरी दाखव!" कौसरचा मुलगा तारिक खालून ओरडला. कौसरला ओरडण्याइतकाही दम नव्हता.

"मी उतरते," इन्साफ म्हणाली.

"आणि चढशील कशी?" बयूमी म्हणाला. "काय द्यायचं ते टोपलीतून दे."

"मला तिला जवळ घ्यायचंय हो. टोपलीत काय घालू, माझे हात?"

कठड्याला धरून, आडवी होत, एकेक पायरी ती उतरली. तिसऱ्या मजल्यावर गुडघा अडकला. ना खाली, ना वर. ती खुर्चीत कोसळली. जिना तिने भरून गेला. खालून आलेले पुरुष खाकरून थबकले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. दार उघडून शेजारीण हानीची आई पाणी घेऊन आली.

मासळी वाहणारे दोघे हमाल भाऊ खाली होते. थोरला म्हणाला, "मावशी, खुर्चीसकट उचलतो. आम्ही ट्युना उचलतो, तुमचं काय घेऊन बसलात!"

कुणीतरी हसलं. इन्साफही हसली. "ट्युना तर ट्युना, बाबांनो. उचला लवकर."

"हात लावाल तर याद राखा!" मागून धापा टाकत बयूमी आला. "माझी बायको म्हणजे मासळीचा हारा नाही."

"अहो, तुमचे हात चुंबते. तिची गाडी सुटेल!"

"उद्या लिलावात काय तोंड दाखवू? बरी होऊन येईलच ती महिन्याभरात."

"नाही आली तर? अहो, नाही आली तर?"

हमाल हात मागे बांधून उभे राहिले. तारिक धावत वर आला. "मावशी, निघायला हवं." तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांचे मुके घेतले. "हे तिला दे," म्हणाली. मग टॅक्सी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडाशी विरला. इन्साफने खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली, आपटतच राहिली. हानीच्या आईने ती मूठ आपल्या ओढणीखाली घेतली.

कौसर ऑपरेशनच्या टेबलावरून परतली नाही. इन्साफने त्या दिवसापासूनच वर जायला नकार दिला होता. बहिणीच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस होईपर्यंत ती हानीच्या आईकडेच राहिली. मग मुलांनी तिला कसंबसं वर नेलं.

पुढे मधुमेहाने बयूमीचा पाय गेला, तोही वरच अडकला. पण त्याच्यासाठी रोज संध्याकाळी दोस्त पाच मजले चढून येत, सोंगट्यांचा डाव मांडत. त्यांचा चहा इन्साफ करी. तिच्याकडे कोण येणार? हानीची आई तोवर लेकीकडे दमनहूरला राहायला गेली होती. थोरला हमाल बोटीवर ग्रीसला गेला तो तिकडचाच झाला, धाकट्याने मासळीचं दुकान टाकलं. तारिक कैरोतच राहिला, सणाला मावशीला फोन करी.

बयूमी गेल्यावर आखातातून आलेल्या शरीफने माणसं लावून आईला खुर्चीसकट खाली आणलं आणि शहरातच पुरलेल्या कौसरच्या कबरीला नेलं. कबरस्तानातली वाट अरुंद, टॅक्सी दाराशीच थांबली, आणि तिथून चालणं तिच्याच्याने होईना. इन्साफने काच खाली केली. शरीफने बोट दाखवलं त्या दिशेला तोंड करून, ओंजळ उघडून, ती फातिहाची प्रार्थना म्हणाली. त्या रांगांतली कौसरची कबर कुठली, ते तिला दिसलं नाही.