टवका उडालेली ताटली

उजव्याबाईंनी उकडलेल्या बटाट्याचा लगदा तळहातावर घेतला, अंगठ्याने मधोमध खड्डा केला, लोण्यात परतलेले पावाचे तीन तुकडे आत घातले आणि गोळा वळला. मग तोच गोळा मोडून पुन्हा वळला. काही चुकलं नव्हतं, पण रिकाम्या हातांना काहीतरी हवं होतं. कान दरवाज्यावरच्या घंटीकडे लागलेले.

समोरच्या ओट्यावर डाव्याबाई पीठ मळत होत्या. आज त्या पिठावर असा काही राग काढत होत्या की विचारता सोय नाही.

ही नावं काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेली नव्हती. त्या हॉटेलात जेवणाचं कार्ड वहीसारखं उघडायचं. डाव्या पानावर सगळं इटालियन, उजव्या पानावर सगळं जर्मन. डाव्या पानाच्या बाई माहेरीच पास्ता लाटत वाढल्या होत्या, तर उजव्या पानाच्या बाईंनी एका जर्मन कारखान्याच्या गेस्टहाउसमध्ये वीस वर्षं स्वयंपाक केला होता. डाव्याबाईंचा मुलगा आणि उजव्याबाईंची मुलगी, दोघांनी लग्न केलं, हे हॉटेल काढलं आणि दोन्ही आयांना एका स्वयंपाकघरात आणून उभं केलं. गल्लीतले लोक म्हणाले, दोन विहिणी आणि चुली शेजारीशेजारी, सहा महिने टिकलं तर नवल. अकरा वर्षं झाली. टिकलं नाही ते लग्न.

दोन वर्षांपूर्वी कोर्टात सह्या झाल्या. भांडण नाही, तमाशा नाही. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला गेली, जावई पलीकडच्या पेठेत राहायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आया नेहमीसारख्या आठ वाजता आल्या, कारण शनिवार होता आणि सगळी टेबलं आधीच ठरलेली होती. मागाहून बोलू, असं दोघींच्याही मनात होतं. ते मागाहून काही आलं नाही.

फक्त एक झालं. त्याआधी डाव्याबाई दिवसातून पन्नास वेळा 'विहीणबाई' म्हणायच्या. विहीणबाई, मीठ द्या. विहीणबाई, तुमचा कोबी करपतोय बरं का. सह्या झाल्यापासून ते बंद झालं. "अहो, मीठ द्या," एवढंच. उजव्याबाईंनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. पण त्यांच्या रोज मनात यायचं: विहीण नाही, तर मग मी इथे कोण? मुलगी फोनवर तेच विचारायची. "आई, तू अजून तिथे काय करतेस? ये ना माझ्याकडे." उजव्याबाई म्हणायच्या, गोळे वळतेय, नंतर बोलते.

आणि आज डाव्याबाईंचा मुलगा येणार होता. एकटा नाही, जिच्याशी लग्न ठरलंय तिला घेऊन. फोनवर आईला म्हणाला होता, जेवायला येतो, जरा बोलायचंही आहे. डाव्याबाईंनी हे सांगितलं ते पिठाकडे बघत.

घंटी वाजली.

"आले," डाव्याबाई म्हणाल्या, पण बाहेर गेल्या नाहीत.

वाढणीच्या खिडकीतून उजव्याबाईंना तीन नंबरचं टेबल दिसत होतं. तो थोडा वाळला होता. सोबतची मुलगी नीटनेटकी, हसतमुख. नाक मुरडावं असं तिच्यात काही सापडेना, याचंच उजव्याबाईंना वाईट वाटलं.

म्हातारा वेटर चिठ्ठी घेऊन आला. "तीन नंबर. डाव्या पानावरची एक रॅव्हिओली, उजव्या पानावरचे बटाट्याचे गोळे."

गोळे. उजव्याबाईंच्या छातीतलं ओझं जरा हललं. नऊ वर्षं दर रविवारी त्याने तेच खाल्लं होतं. विसरला नाही म्हणायचा. त्यांनी तीन गोळे काढले, बाजूला लाल कोबी, वर सढळ हाताने रस्सा. ताटली खिडकीतून गेलीसुद्धा, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

ताटली घरची होती.

त्या हॉटेलात एक रीत होती. ज्या ताटलीचा टवका उडाला ती गिऱ्हाइकापुढे जायची नाही. ती आतल्या फळीवर यायची आणि घरच्या माणसाची व्हायची. प्रत्येकाची आपापली ताटली होती, टवक्यावरून ओळखायची. जावयाची काठाला नखाएवढी उडालेली. दोन वर्षं ती फळीवर तळाशी पडून होती. हात आपोआप तिथे गेला होता.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. गोळे त्याच्यापुढे नव्हतेच. ते त्या मुलीने मागवले होते. तिने ताटली फिरवली, टवक्यावर बोट ठेवलं आणि वेटरला हळूच म्हणाली,

"ही जरा फुटलीय. बदलून मिळेल का?"

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. वेटर ताटलीकडे बघतच राहिला. त्याला ती ओळखता येत होती.

"राहू दे," जावई म्हणाला. "ती माझी आहे."

त्याने रॅव्हिओलीची पांढरी ताटली तिच्याकडे सरकवली, गोळे स्वतःपुढे ओढले आणि मान खाली घालून खायला लागला. उजव्याबाई खिडकीतून बाजूला झाल्या. डाव्याबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनीही सगळं पाहिलं होतं.

जेवण झाल्यावर तो आत आला. हातात आपली ताटली. मुकाट्याने नळाखाली धुतली, पुसली, फळीवर ठेवली. तळाशी नाही, वर.

"आई," तो म्हणाला.

दोघी वळल्या. पूर्वी तो दोघींनाही आईच म्हणायचा आणि हे रोज व्हायचं. उजव्याबाईंनी ओशाळून पुन्हा पातेल्यात डाव फिरवायला घेतला.

"आई, लग्नानंतर तिला इथे काम करायचंय," तो आपल्या आईला म्हणाला. "तिने पाव-केकचं सगळं शिकून घेतलंय. मी म्हटलं, उजवं पान ती सांभाळेल. म्हणजे यांनाही..." तो अडखळला. "यांचीही आता किती ओढाताण. मुलगी कधीची बोलावतेय यांना."

उजव्याबाईंचा डाव थांबला. आलं एकदाचं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते इतक्या मऊ आवाजात येईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी ॲप्रनच्या मागच्या गाठीला हात लावला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना.

डाव्याबाईंनी पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकला. हात धुतले, एकेक बोट पुसलं. त्यांना कधी कशाची घाई नसायची आणि त्यापायी उजव्याबाई अकरा वर्षं चिडत आल्या होत्या.

"येऊ दे की तिला," डाव्याबाई म्हणाल्या. "चांगली मुलगी आहे. सकाळी आठला यायचं, उशीर चालणार नाही. काय कुठे असतं, काय कसं करायचं, ते विहीणबाई शिकवतील तिला."

पातेल्यातला रस्सा रटरटत होता. त्याने आईकडे पाहिलं, मग उजव्याबाईंकडे.

"विहीणबाई," डाव्याबाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी त्यांच्याकडे वळून, "गॅस बारीक करा, बुडाला लागतंय."

उजव्याबाईंनी गॅस बारीक केला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी वाफेचं निमित्त करून बाहीने पुसले.

"मला चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त गोळे मोजून करायला सांगा तिला. आजकालच्या मुली अंदाजाने करतात."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला असावा. जाता जाता फळीपाशी थांबला, एकेका ताटलीवरून बोट फिरवलं.

"आणि तिला ताटली? एखादी काढून ठेवू का?"

उजव्याबाईंनी फळीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या मुलीचीही ताटली होती, कडेला चंद्रकोरीएवढा टवका. ती त्यांनी उचलली, पुसली आणि होती तिथेच ठेवली.

"नको," त्या म्हणाल्या. "पांढरीतच जेवू दे सध्या. तिच्या हातून उडेल एखादीचा टवका. घाई काय आहे?"