दहा वजा

भिंगरीने शाळेत पाचशे मुलांसमोर भाषण ठोकलं त्याला तीन आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत घरात दुसऱ्या कोणाला एक वाक्य धड पुरं करता आलेलं नव्हतं. एरवी ही पोर वर्गात मान खाली घालून बसणारी. हजेरीला 'हजर' म्हणायचं तरी घसा साफ करायला लागायचा. आणि आता नळ सुटावा तशी सुटली होती. दूधवाल्याला सल्ला, शेजारच्या काकूंना सल्ला, शाळेच्या शिपाईकाकांना तर घंटा कशी वाजवावी याचासुद्धा सल्ला.

"पाळण्यात ठेवलेलं नाव पंधरा वर्षांनी लागू पडलं," आई म्हणायची. पण म्हणताना हसायची.

अशात एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत आजोबा म्हणाले, "ती मागची खुर्ची आत घेऊन टाका. उगाच उन्हापावसात खराब होते."

बोलणं अगदी साधं होतं, पण बाबांचा हात वर्तमानपत्रावर थांबला.

घरामागे फरशी घातलेला उघडा ओटा होता आणि ओट्याच्या पार टोकाला, कठड्याला लागून, आजोबांची खुर्ची. आजोबा शिंपी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी सकाळचं ऊन कठड्यावर आलं की ते त्या खुर्चीत बसून कोणाचं बटण, कोणाची खालची शिवण असं काहीतरी हातात घ्यायचेच. उठताना कठड्याला हात टेकवायचे, म्हणून खुर्ची तिथेच लागायची, वीतभरही इकडेतिकडे चालायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी दारातून पाऊल टाकलं आणि धुतलेल्या फरशीवरून ते घसरले. हाड मोडलं नाही, मनगट तेवढं मुरगळलं. मनगट पंधरा दिवसांत बरं झालं, धास्ती मात्र काही बरी होईना. तेव्हापासून आजोबा आतल्या खोलीत बसत आणि खिडकीतून आपल्याच खुर्चीची पाठ बघत.

भिंगरीला एक गोष्ट लख्ख कळली. खुर्ची आत आली की आजोबा पुन्हा बाहेर जाणार नाहीत.

"रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मी ओट्यावर सतरंजी घालणार आहे. बाहेर चालणारी. पाय घसरणार नाही अशी."

"सतरंजी? बाहेर?" आजोबा म्हणाले. "उद्या झाडाला पडदा लावशील."

"रविवारी तुम्ही नाही आलात, तर खुर्ची मी स्वतः उचलून आत आणेन."

आजोबांनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "बरं. रविवार."

निवडणार मी, माप घेणार मी, मध्ये कोणी बोलायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. आईबाबांनी माना डोलावल्या. पोरगी नुकती कुठे फुलतेय, तिला कशाला टोचा, असं दोघांच्याही मनात होतं. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

आता त्या घरातल्या टेपबद्दल सांगायला हवं. आजोबांची पडद्याबिडद्यांच्या मापाची एकशेवीस इंची लांब टेप होती. कधी काळी तिच्या टोकावर तापलेली इस्त्री राहिली आणि पहिले दहा इंच जळून गेले. दुसरा कोणी असता तर नवी टेप आणली असती. आजोबा म्हणाले, "उरलेल्या एकशेदहांनी काय पाप केलंय?" तेव्हापासून टेप दहाच्या आकड्यापासून सुरू व्हायची आणि घरात नियम पडला: टेपेवर जो आकडा दिसेल त्यातून दहा वजा करायचे आणि तसं मोठ्याने म्हणायचं. "दहा वजा." आजोबांनी हे म्हणत अख्ख्या गल्लीचे पडदे शिवले होते, आणि कोणाच्या खिडकीला पडदा आखूड झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

भिंगरी मात्र लहानपणापासून वजा करायला विसरायची. बाहुलीच्या घराचा पडदा दहा इंच लांब. शाळेच्या नाटकातला झगा दहा इंच लांब, त्यात पाय अडकून राणी तोंडावर पडली होती.

या वेळी ती विसरली नाही. शनिवारी पहाटे, सगळे झोपलेले असताना, तिने दारापासून कठड्यापर्यंत टेप धरली. एका टोकावर डबा ठेवला, दुसरं टोक गुडघ्याखाली दाबलं. आकडा आला एकशे चौदा. तिने मनातल्या मनात दहा वजा केले आणि चिठ्ठीवर झोकात लिहिलं: लांबी एकशे चार. मोठ्याने म्हणायला तिथे ऐकणारं कोण होतं?

चिठ्ठी फ्रीजवर चिकटवून ती आंघोळीला गेली. आई स्वयंपाकघरात आली. चिठ्ठी वाचली. एकशे चार. सकाळपासून 'दहा वजा' तर ऐकू आलं नाही, म्हणजे विसरली असणार. आता हे तोंडावर सांगितलं तर बिचारी हिरमुसेल. आईने हळूच दुसरा कागद घेतला, भिंगरीसारखंच तिरपं अक्षर काढलं, लिहिलं: चौऱ्याण्णव, आणि पहिली चिठ्ठी काढून ती फ्रीजवर लावली. मग बटाटे सोलायला घेतले.

दुकानात जाताना भिंगरीने आजोबांची काठी बरोबर घेतली.

"काठी कशाला?" बाबांनी विचारलं.

"तिलाही पसंत पडायला हवी ना."

दुकानदार शांत, जाडजूड माणूस होता. चष्मा कपाळावर ठेवून तो तोच चष्मा टेबलावर शोधत होता. भिंगरीने त्याला चष्मा दाखवला आणि तो डोळ्यांवर येईपर्यंत बोलायला सुरुवातही केली.

"काका, आम्हाला दिसायला छान नकोय. म्हणजे असली तर चालेल. पण पाय घसरायला नको, काठी अडकायला नको, पाणी साचायला नको. आणि एक बादली पाणी मिळेल का?"

"प्यायला?"

"नाही, ओतायला."

दुकानदाराने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. नाइलाजाने बादली आली, नमुने मागच्या मोरीजवळ नेले आणि भिंगरीने चपला काढल्या.

पहिला नमुना हिरव्यागार गवतासारखा, मऊ लुसलुशीत. तिने त्यावर काठी टेकली, तर ती बोटभर रुतली. "हा नको. यातून आजोबांना काठी उपसत चालावं लागेल." दुसरा तागाचा, दिसायला देखणा. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ते सगळं त्याने पिऊन टाकलं आणि जड होऊन बसला. "हा परवापर्यंत ओलाच राहणार. मग कुजणार. बरोबर ना, काका?" दुकानदाराला मान हलवावी लागली. तिसऱ्यावर फुलं छापलेली होती आणि पृष्ठभाग तुळतुळीत. ओल्या तळव्याने तिने पाऊल टाकलं आणि सर्रकन थेट दुकानदाराच्या पोटाशी जाऊन थांबली.

"हाही नको," दुकानदारच म्हणाला.

चौथी पट्टी जाड प्लास्टिकच्या धाग्याची, सपाट विणीची. पाणी ओतलं तर आरपार गेलं. काठी टेकली, तिथेच राहिली. पाऊल टाकलं, तेही तिथेच राहिलं. तिच्यावर निळ्यापांढऱ्या रुंद रेघा होत्या.

"यातच मातकट रंग बघ की," बाबा म्हणाले. "मळ दिसत नाही."

"मळ दिसू दे, बाबा. कडा दिसायला हवी. आपली फरशी मातकट, त्यावर मातकट सतरंजी, आजोबांना कळणार कसं ती कुठे संपते ते?"

गिऱ्हाइकाला पटवायचं आपलं काम आयतंच झालेलं बघून दुकानदार खूश होता. "पोरगी पारख करते हो," तो म्हणाला. "माप सांगा. रोलची रुंदी ठरलेली असते, बहात्तर इंच. लांबी हवी तेवढी कापून देतो. पण एकदा कापली की परत घेत नाही."

भिंगरी पाय पुसायला मोरीकडे गेली. बाबांनी निघताना फ्रीजवरून घेतलेली चिठ्ठी खिशातून काढली. चौऱ्याण्णव. चिठ्ठीत 'वजा' असं काही लिहिलेलं नव्हतं. बाबांना नाटकातली राणी आठवली. परत न घेणारं दुकान आठवलं. त्यांनी मोरीकडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चौऱ्याऐंशी."

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे पाय पाहून अंथरूण घ्यायचं होतं, आणि प्रेमापोटी ते दोन्ही बाजूंनी कातरलं गेलं होतं.

रविवारी सकाळी ऊन कठड्यावर आलं. भिंगरीने दारापासून सतरंजी उलगडत नेली, उलगडत नेली, आणि तिचे हात रिकामे झाले. सतरंजी संपली होती. पुढे फरशी होती. मग खुर्ची.

तिने सतरंजी पुढे ओढली. आता दाराशी मोकळी फरशी राहिली, आजोबा पडले होते नेमकी तीच. तिने ती परत मागे नेली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द निघेना.

आई आणि बाबा दारात उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"मी एकशे चार लिहिलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी वजा केले होते. खरंच केले होते." मग तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. कदाचित दोनदा केले असतील. कदाचित झोपेत होते. तिने खुर्चीकडे पाहिलं. शब्द म्हणजे शब्द. ती गेली आणि उचलायला खुर्चीच्या हातांना हात घातला.

"किती कमी आहे?" आतून आजोबांचा आवाज आला.

टक टक करत काठी दारापर्यंत आली. भिंगरीने टेप धरली. "तीस," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, "दहा वजा. वीस."

"वीस?" आजोबा उंबऱ्याच्या आत थांबले. "दहा असते तर एकाचं नाव घेतलं असतं. वीस म्हणजे दोघांनी केलंय."

आईने पदर चाचपला. बाबांना एकाएकी नखं बघावीशी वाटली.

"मला वाटलं ती विसरली असेल," आई म्हणाली.

"मलाही," बाबा म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे तू आधीच?"

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही दोघांनी?" भिंगरीने खुर्ची सोडली. "मला एकदा विचारायचं तरी."

"तू एकदा मोठ्याने म्हणायचं तरी," आजोबा म्हणाले. "नियम काय उगाच पडला? मापाला साक्षीदार लागतो." त्यांनी सतरंजीवर काठी टेकवून पाहिली. नंतर चपलेचं टोक टेकवलं. "वीण चांगली आहे. कोणी निवडली?"

"मी."

"रुंदी किती?"

"बहात्तर."

"मला चालायला बहात्तर इंच कशाला? मी काय आडवा चालतो?" आजोबांचे डोळे बारीक झाले होते. गिऱ्हाईक कमी कापड घेऊन येई तेव्हा ते असेच बारीक होत. "रुंदीतून वीस काढ, लांबीत घाल. माझी मोठी कात्री आण, दाभण आण आणि जाड दोरा. पांढरा नको, निळा."

भिंगरी पळाली आणि आलीही. आजोबा उंबऱ्यात उभं राहून सांगत होते, ती गुडघ्यावर बसून कापत होती. एका रेघेच्या कडेने वीस इंच रुंद पट्टी निघाली. त्या पट्टीचे बावन्न इंच ठेवले, उरलेला तुकडा बाजूला. मग मोठा तुकडा दारापासून पसरला आणि पट्टी त्याच्या टोकाला आडवी लावून बघितली, तर बरोबर खुर्चीच्या पायांखाली पोचली.

"नुसती ठेवून चालेल का?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे मधल्या फटीत मी अडखळायची सोय." आजोबांनी दोरा उजेडात धरला. "शिवावी लागेल. आण इकडे आत."

भिंगरीने सतरंजी उचलायला घेतली आणि थांबली. "आत उजेड नाही, आजोबा. निळ्यावर निळा टाका दिसणार नाही तुम्हाला."

आजोबांनी मागे वळून पाहिलं. आत त्यांची खोली होती, खिडकी होती. समोर ऊन होतं. मधली पट्टी सुटी होती, पाय पडताच सरकली असती.

"आई, तू त्या टोकावर उभी राहा," भिंगरी म्हणाली. "बाबा, तुम्ही या टोकावर. दोघं घट्ट. दहा-दहा इंच तुमच्याकडे आहेत, ते आता धरून ठेवा."

दोघं निमूटपणे उभे राहिले.

आजोबांनी उंबरा ओलांडला. एका हातात काठी, दुसरा भिंगरीच्या खांद्यावर. तो हात जड होता. भिंगरी त्यांच्या पावलाला पाऊल लावत चालली. पांढरी रेघ डाव्या पायाशी, निळी उजव्या पायाशी, असे ते अर्ध्या ओट्यावर आले, जरा थांबले, मग पट्टीवर आले. पट्टी जागची हलली नाही. कठड्याला हात लागला आणि ते खुर्चीत बसले.

"इथे रेघा आडव्या झाल्या," खाली बघत ते म्हणाले.

"वाईट दिसतं का?" भिंगरीने विचारलं.

"दिसू दे. रेघा आडव्या झाल्या की समजायचं, खुर्ची आली."

आईबाबा पट्टीवरून उतरले, तशी सतरंजीची दोन्ही टोकं त्यांनी गुडघ्यांवर ओढून घेतली, जोडून धरली आणि दाभण आरपार काढलं. उरलेला बत्तीस इंचांचा तुकडा त्यांनी काठीने दाराकडे ढकलला, "तो उंबऱ्याच्या आत घाल, पाय पुसायला," आणि पुन्हा शिवणीत डोकं घातलं. ऊन त्यांच्या हातांवर आलं होतं. पहिले दोन टाके वाकडे पडले, ते त्यांनी उसवून पुन्हा घातले.

बराच वेळ बाजूला उभ्या असलेल्या बाबांनी शेवटी विचारलं, "मग खुर्ची आत घ्यायची का?"

आजोबांनी दोरा कापला आणि नवा ओवण्याआधी दाभण दातांत धरलं.

तोंडात सुई असताना आजोबा कोणाशी बोलत नसत. घरातला हा दुसरा नियम होता आणि तो कोणी कधी विसरत नसे.