जशी दिली तशी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो. आधीच सांगून टाकते, माझा एक कोपरा चांगलाच चेपलेला आहे, रंग जागोजागी उडालाय आणि कडी लावायची तर वरून एक थापट मारावी लागते. मला जुनी म्हणा, खुशाल म्हणा. मोडकी मात्र म्हणू नका. मोडक्या वस्तू भंगारात जातात आणि मी अजून कामावर आहे.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. सपाट पत्रा कापला, दुमडला, कोपरे जोडले, वर मूठ बसवली आणि निळा रंग फासला. एका कॉलेजनं माझ्यासारख्या चाळीस पेट्या एकदम घेतल्या. माझा नंबर सत्तावीस. कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तरुण पोरापोरींचा गलका आला असेल, पण आमच्याकडे संसारी माणसं शिकायला येतात. कुणाचा कारखाना बंद पडलेला असतो, कुणाचं दुकान बसलेलं असतं, कुणाला पाठीच्या दुखण्यामुळे ओझी उचलणं सोडावं लागलेलं असतं. ती इथे येऊन नवं काम शिकतात. माझ्या वर्गात फ्रीज आणि एसी दुरुस्त करायला शिकवतात.

आता या वयात शिकायचं तर फी आली, बसचा पास आला, हत्यारं आली. घरात खाणारी तोंडं असताना हे सगळं आणायचं कुठून? म्हणून तळमजल्यावर मदतीची खिडकी आहे. तिथे अर्ज मंजूर झाला की फी माफ होते, पास मिळतो आणि वर्षभर वापरायला आम्ही पेट्या मिळतो. माझ्या पोटात नट आवळायचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तांब्याची नळी कापायचं कटर आणि नळीचं तोंड फुलवायचं हत्यार असतं. या शेवटच्या हत्याराकडे लक्ष ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्यापाशीच अडली होती.

सुरुवातीची वर्षं माझी मोठ्या ऐटीत गेली. एक माजी ट्रकड्रायव्हर तर डबा खायला थेट माझ्यावरच बसायचे. मी कुरकुर केली, पण मनातून मला ते आवडायचं. मग कॉलेजचे पैसे आटले, खिडकी बंद झाली आणि आम्हाला जिन्याखाली टाकलं. दोन वर्षं मी बादल्या आणि खराट्यांच्या शेजारी काढली. अंगाला गंज चढला. कुणी उघडून बघेना. मित्रांनो, त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही.

खिडकी पुन्हा उघडली तेव्हा आमचं नशीब फिरलं. पोचे ठोकून सरळ केले, ताजा रंग दिला, पोटात कोरी करकरीत हत्यारं भरली. आणि अशी नटूनथटून बसलेली मी ताईंच्या हातात पडले.

ताईंचं वय एक्केचाळीस. बिस्किटांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं त्या पॅकिंग खात्यात होत्या. त्यांनी भरलेल्या खोक्यातलं बिस्किट कधी फुटून पोचलं नाही, असा त्यांचा लौकिक. कारखान्याला टाळं लागलं, आणि घरात त्या आणि म्हातारे सासरे एवढीच माणसं. वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच, म्हणून सगळे त्यांना ताई म्हणायचे. खिडकीवर त्यांनी माझा फॉर्म ओळ न ओळ वाचला. शेवटी एक वाक्य होतं : ‘पेटी जशी दिली तशी परत करीन.’ ते त्यांनी दोनदा वाचलं आणि खाली ठसठशीत सही केली.

मग घरी नेऊन त्यांनी मला चक्क पॅक केलं. एकेक हत्यार वर्तमानपत्रात गुंडाळलं, फटींमध्ये कागदाचे बोळे कोंबले, वरून जुनी चादर बांधली आणि मला कपाटावर ठेवलं. बाई, काय ते पॅकिंग. मला वाटलं, मला परदेशी धाडतायत की काय. पहिल्या आठवड्यात मी खुशीत होते. दुसऱ्या आठवड्यात मला जिना आठवायला लागला.

वर्गात चौघांत मिळून एक टेबल असायचं. ताई म्हणायच्या, “तुम्ही करा आधी, मी बघते.” त्यांची वही बघण्यासारखी होती. प्रत्येक आकृती पट्टीनं आखलेली, प्रत्येक व्याख्या पाठ. पण तांब्याच्या नळीला व्याख्या ऐकू येत नाही. तिचं तोंड नरसाळ्यासारखं सगळीकडून सारखं फुलवावं लागतं. जरा वाकडं झालं, बारीकशी चीर गेली, तर जोडातून गॅस गळतो. हे हातालाच शिकावं लागतं, आणि ताईंचे हात घरी रिकामे होते.

एक दिवस मास्तरांनी सराव परीक्षा घेतली. नळ्या जोडायच्या, आत दाबानं हवा भरायची आणि जोडावर ब्रशनं साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर जोड गळका. ताईंच्या तिन्ही जोडांवर बुडबुडे आले.

“घरी सराव चालू आहे ना?” मास्तरांनी विचारलं.

“चालू आहे,” ताई म्हणाल्या. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेल्या बाईचा चेहरा खोटं बोलताना कसा होतो, ते मास्तरांनी पाहिलं असणार. सहामाही प्रात्यक्षिक तीन आठवड्यांवर होतं आणि नियम साधा होता. त्यात नापास झालं की मदत बंद. मदत बंद म्हणजे फी अंगावर, आणि फी अंगावर म्हणजे ताईंचं शिक्षण तिथेच संपलं.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापल्या पेट्या आणायला सांगितल्या. बाकीच्यांच्या पेट्या तेलकट, ओरखडलेल्या. ताईंनी मला टेबलावर ठेवलं, चादर सोडली, झाकण उघडलं. आत नुसता कागद.

“ताईंनी पेटीचं पार्सल केलंय,” मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खो खो हसला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी एक पुडकं उलगडलं. नळीचं तोंड फुलवायचं हत्यार बाहेर आलं, अंगावर कारखान्यातलं तेल जसंच्या तसं. “ताई, हे काय?”

“सर, वस्तू दुसऱ्याची आहे. जशी दिली तशी परत करायचीय. मी सही केलीय.”

मास्तरांनी मला उचललं, ताईंना बरोबर घेतलं आणि तडक खिडकी गाठली. खिडकीवरच्या बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी फॉर्म काढून वाचला, मला आतून बाहेरून पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“हे वाक्य मीच घातलं,” त्या म्हणाल्या. “एकानं पेटी विकून खाल्ली होती, म्हणून. पेटी वापरूच नका, असं मी कुठे म्हटलंय?”

“पण एखादं हत्यार मोडलं तर?”

“मोडलेलं आणून द्या, दुसरं घेऊन जा. झिजणार हे धरूनच पेट्या देतो आम्ही. आणि सरावाची नळी का नाही नेली? अख्खं वेटोळं पडलंय कपाटात.”

ताईंनी मान खाली घातली. “फी माफ केलीत, पास दिलात. पुन्हा कुठल्या तोंडानं मागायचं?”

“अहो, सरावासाठीच आणलीय ती नळी. ठेवून काय तिचं लोणचं घालू?” बाई उठल्या आणि वेटोळं आणून माझ्यावर आदळलं. माझ्या नव्या रंगावर पहिला ओरखडा तो. खरं सांगते, इतकं बरं वाटलं मला.

ताईंचे सासरे शिंपी. नजर अधू झाल्यापासून त्यांनी मशीन सोडलं होतं, पण घरातल्या खिडकीजवळचं त्यांचं दणकट टेबल तसंच होतं. त्यावर मला ठेवून ताई हातात हत्यार घेऊन नुसत्याच बसल्या.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “मी पहिल्या दिवशी दुकानात असाच कात्री धरून बसलो होतो. मालक म्हणाला, कापायला आलास की वारा घालायला?”

ताईंना हसू आलं आणि त्यांनी पहिली नळी कापून तिचं तोंड फुलवलं. ती फाटली. दुसरी फाटली. पहिल्या सात नळ्या फाटल्या. आठवी वाकडी झाली, पण फाटली नाही. रोज वर्गातून आल्यावर दिवेलागणीपर्यंत त्या टेबलाशी असायच्या. सासरे प्रत्येक तोंडावरून बोट फिरवून सांगायचे, “इथे जाड लागतंय. पुन्हा कर.” डोळे अधू झाले तरी त्या बोटांना शिवणीचा सरळपणा कळत होता, आणि नळीचाही कळायला लागला.

एका दुपारी ताईंचा धक्का लागून मी टेबलावरून खाली आपटले.

“लागलं का?” सासऱ्यांनी विचारलं.

“पेटीला लागलं हो, कोपरा चेपला.”

“पेटीचं कोण विचारतंय? तुझ्या पायाला लागलं का?”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं आणि पुढची नळी घेतली. त्या दिवसापासून माझ्या अंगावर त्यांनी हातोडी ठेवली, चहाचा कप ठेवला, रागाच्या भरात एकदा गुद्दासुद्धा मारला. आमची खरी ओळख तिथून सुरू झाली.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्या पायाशी होते, झाकण सताड उघडं. तीन जोड झाले. हवा भरली. मास्तरांनी पहिल्या जोडावर फेस लावला, काही नाही. दुसऱ्यावर लावला, काही नाही. तिसऱ्यावर लावला आणि एक बुडबुडा दिसला. माझ्या पोटातली हत्यारं गार पडली. ताई मात्र हलल्या नाहीत.

“तो ब्रशचा आहे,” त्या म्हणाल्या. “पुसा आणि पुन्हा लावा. माझा जोड गळत नाही.”

मास्तरांनी पुसून पुन्हा फेस लावला आणि घड्याळ बघत थांबले. फेस हळूहळू विरला. बुडबुडा आला नाही. मास्तरांनी वहीत खूण केली आणि म्हणाले, “पुढचे या.” ताई खाली वाकल्या आणि मला कडी लावता लावता डोळे पुसून घेतले. माझ्यावर दोन थेंब पडले, ते मी कुणाला सांगितले नाहीत. आज तुम्हाला सांगतेय.

वर्ष संपलं. ताईंना एका शीतगृहात दुरुस्तीचं काम लागलं आणि त्या मला परत करायला खिडकीवर आल्या. माझा कोपरा चेपलेला, रंग उडालेला, मुठीला सासऱ्यांनी शिवलेली कापडी पट्टी. ताई जरा घुटमळल्या.

“बाई, जशी दिली तशी नाही राहिली ही.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मला पाहिलं, मग ताईंना पाहिलं. “तुम्ही तरी कुठे राहिलात?” त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर शिक्का मारला. त्याच आठवड्यात बाईंनी नवे फॉर्म छापून घेतले. त्यात ते वाक्य नाही.

जाण्यापूर्वी ताईंनी माझ्या तळाशी नळीचा एक फाटका तुकडा ठेवला, चिठ्ठी बांधून : ‘ही माझी पहिली. अशा सात फाटल्या. नळी संपली तर खिडकीवर मागा, देतात.’ माझं झाकण उघडणारा प्रत्येक माणूस आधी ती वाचतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला आपटा, झिजवा, माझ्यावर बसून डबा खा. काल नवं नाव लागलंय माझ्यापुढे, पन्नाशीचे एक गृहस्थ, पूर्वी रखवालदार होते. त्यांनी मला अगदी अलगद उचललं आणि विचारलं, “खराब झाली तर?” बाईंनी मला फिरवून चेपलेला कोपरा त्यांच्यासमोर केला.