थेरोनने उचललेलं रडणं

लिसिल्लाने भावाला चौथ्यांदा बजावलं, "थेरोन, आधी तापाचं सांग. मग शेजारच्या देमोनला साक्षीला बोलव. मग काय रडायचंय ते रड."

"ताई, पुरे की आता. तोंडपाठ झालंय मला."

"तुझं तोंडपाठ ठाऊक आहे मला. चार माणसं बघायला लागली की वाहवत जातोस."

थेरोन हसला. अथेन्समध्ये बायकांच्या भूमिका त्याच्यासारख्या कुणी करत नव्हतं, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. गेल्या वसंतातल्या उत्सवात मुखवटा चढवून तो राजापुढे न्याय मागणारी आई झाला होता, तेव्हा नाटक बघायला बसलेला अख्खा डोंगरउतार हुंदके देत होता. ते रडणं त्याने कुठून आणलं, हे फक्त लिसिल्लाला माहीत होतं. तिची मुलगी गेली तेव्हा ती उंबऱ्यावर बसून जशी रडली होती, श्वास अडकत, शब्द अर्धे तोडत, तसंच्या तसं त्याने उचललं होतं. तिला संताप आला होता. पण भाऊच तो. तिने गिळून टाकलं.

आज तिचा मुलगा एर्गिनोस पाचशे पंचांपुढे उभा होता. देवळाची कौलं बसवायला गेलेल्या कामगारांपैकी तो एक, आणि देवीचं चांदीचं पात्र नाहीसं झालेलं. देवळातल्या चोरीला शिक्षा एकच, मरण. पात्र गेलं त्या दिवशी तो तापाने फणफणून घरी पडला होता. लिसिल्ला दिवसभर त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. पण बाईची साक्ष कोण घेतो? नाटकातली बाई राजाला खडे बोल सुनावते, तेही पुरुषाच्याच तोंडून. राहिला देमोन. अंगणात कोसळलेल्या पोराला त्यानेच उचलून आत नेलं होतं.

आरोपीला बोलायला मिळतं ते तळाला भोक असलेल्या भांड्यातलं पाणी गळून जाईपर्यंत. एर्गिनोस लहानपणापासून अडखळत बोलणारा. "मी... मी घ... घरी होतो," एवढं म्हणून तो घामाघूम झाला आणि उरलेला वेळ त्याने मामाला देऊन टाकला.

थेरोनने सुरुवात बरी केली. "पंचहो, त्या दिवशी माझ्या भाच्याला ताप होता."

"अरे, हा तर थेरोन!" मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला. "वसंतातली ती आई!"

खसखस पिकली, आणि सगळे सरसावून बसले.

थेरोनची मान हळूच कलली, हात वर गेले, आवाज बारीक झाला. "या माउलीची एक लेक मातीत गेली. आता हा एकच उरलाय, पंचहो..." म्हातारा डोळे पुसू लागला, शेजारचा नाक ओढू लागला. पाणी गळत होतं. कठड्यापलीकडे देमोन ताटकळत उभा होता, आणि लिसिल्ला दातओठ खात पुटपुटत होती, "अरे मेल्या, त्याला बोलव. बोलव त्याला."

घरच्या बायकापोरांनी पुढे येऊन दया मागण्याचा रिवाज होता. रडायला मुभा, बोलायला नाही. थेरोनने बहिणीचा हात धरून तिला वर ओढलं.

"देमोन!" ती त्याच्या कानात म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. पंच रडत होते, आणि तो त्यांच्यात पार हरवून गेला होता. भांड्यातून दोन थेंब पडले, मग एक.

"त्याला ताप होता!" लिसिल्ला किंचाळली. "देमोनला वि... विचारा... त्याने उच..." तिचा श्वास अडकत होता, शब्द अर्धे तुटत होते.

"गप्प बस, बाई!" चोपदार खेकसला. "पाणी संपलं!"

पहिल्या बाकावरचा एक पंच शेजाऱ्याकडे झुकला. "भावानं पढवलंय बघ तिला. तेच हुंदके, तसंच अडखळणं."

"पण त्याची सर नाही," शेजारी म्हणाला.

मग निकालाचे खडे टाकायला पंचांची रांग लागली. जवळचा घडा दोषाचा, त्यापलीकडचा सुटकेचा. मागच्या बाकावरच्या त्या म्हाताऱ्याचे डोळे अजून ओले होते. त्याने खडा जवळच्या घड्यात टाकला आणि थेरोनच्या खांद्यावर थाप मारली. "जीव ओतलास रे बाबा. पुढच्या वसंतात काय करतोयस?"

एर्गिनोसला मरण ठरलं.

"ताई," थेरोनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रडत होते गं ते. सगळे रडत होते."

"हो. मनसोक्त रडले, आणि मोकळे झाले."

पहारेकरी एर्गिनोसला घेऊन चालले. "आ... आई," तो वळून म्हणाला. बाहेर पडणारे चार-सहा पंच पायरीवरच थबकले आणि लिसिल्लाकडे बघत राहिले, आता ही कशी रडते म्हणून. लिसिल्लाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मुलगा दिसेनासा होईपर्यंत आवाज काढला नाही.