खळखळ

सन २००९ची गोष्ट. खुर्सीपारला हिरालालचं फटफटी दुरुस्तीचं दुकान होतं. ‘मशीन नुसती ऐकून रोग सांगतो,’ अशी त्याची ख्याती. खरं मात्र वेगळंच होतं. आधी तो पोलादाच्या प्लांटात कामाला होता, आणि तिथल्या रोलिंग मिलने त्याचे कान कधीच खाल्ले होते. बारीक आवाज त्याला येतच नसे. ऐकायची त्याची बायको, रत्नमाला.

तो पेचकसाचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मागे तांदूळ निवडणारी रत्नमाला आपल्याशीच पुटपुटल्यासारखी, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं एक शब्द बोलायची. ‘टिकटिक’ म्हणाली की टॅपेट, ‘किर्रर्र’ म्हणाली की चाकाचं बेअरिंग, ‘खळखळ’ म्हणाली की टायमिंग चेन. तिला हा खेळ वाटे, दोघांचा.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने हिरालालला शाल-नारळ दिला. शेजारची लतिका पहिल्या रांगेतून ओरडली, “भाऊजी, आवाज तं वैनीच ओळखते न?”

हिरालाल हसला. “तिले काय समजते? चाय आणून देते ते!”

मंडप हसला. हातातला नारळ त्यानं रत्नमालेकडे दिला, पिशवी द्यावी तसा. तो धरून ती तशीच उभी राहिली. वीस वर्षांचा संसार, पण इतकं परकं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र श्रीधर गाडी घेऊन आला. “हिरा, पाह्य बरं, काहीतरी वाजून राह्यलं.”

पेचकस कानाला लागला. डोळे मिटले. रत्नमालेला स्पष्ट ऐकू येत होतं: खळखळ. ती तांदूळ निवडत राहिली.

हिरालाल खाकरला. पुन्हा खाकरला. शेवटी मान वळवून म्हणाला, “रत्ना?”

“चाय आणू काय?”

त्यानं अंदाजानं टॅपेट कसले. रसमड्याच्या रस्त्यावर चेन सुटली, इंजिन बसलं. भर उन्हात श्रीधर गाडी ढकलत आला आणि भर चौकात नको नको ते बोलला.

घरी हिरालाल म्हणाला, “सांगितलं कावून नाही?”

“मले काय समजते?”

श्रीधर पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. दुकान दोन वर्षांत बंद झालं. हिरालाल पुढे सायकल स्टँडवर बसला, तिथंच थकला, गेला. लतिका दुर्गला लेकाकडे आहे, अजून तशीच तोंडाळ. रत्नमाला वैशाली नगरात मुलीकडे राहते. गॅलरीत बसली की खालून एखादी गाडी जाते, आणि ती पुटपुटते, “खळखळ.”

मग थांबते. कुणी खाकरत नाही.